पहिला हँडहेल्ड घेताना: आधी गेम ठरवा, ताकदीचं नंतर बघू

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, घ्यायचा ठरला की बहुतेक जण आकड्यांपासून सुरुवात करतात. चिप कोणती, रॅम किती, स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलते, म्हणजे किती हर्ट्‌झची. आकडे खोटे नसतात. पण टेबलावर ठेवायच्या मशीनचे निकष हातात धरायच्या मशीनला लावले की फसगत ठरलेली. माझा क्रम असा आहे: आधी गेम, मग बटण दाबल्याबरोबर झोपणं आणि उठणं, त्यानंतर वजन आणि बॅटरी. ताकद पाचवी. कुणाला हे उलटं वाटेल, पण हँडहेल्डचा इतिहास याच बाजूने बोलतो.

१९८९ मध्ये निन्टेन्डोचा गेम बॉय आला तेव्हा त्याची स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेलची होती. रंग नाहीत, मागून उजेड नाही, नुसत्या चार छटा. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत आणि उजळ स्क्रीन घेऊन आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअरही तसाच आला. कागदावर दोघेही गेम बॉयच्या कितीतरी पुढे होते. पण दोघांना सहा-सहा सेल लागत आणि ते काही तासांत बसत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांच्या वर आरामात चालायचा. त्याचे कर्ते गुन्पेई योकोई यांचं धोरणच होतं की जुनं, स्वस्त, पक्कं मुरलेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि डोकं ते वापरण्यात लावायचं. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले. लिंक्स आज संग्राहकांनाच आठवतो.

पायरी १: पाच गेमची नावं लिहा

कागद घ्या आणि येत्या वर्षात खरोखर खेळणार असे पाच गेम लिहा. "सगळंच खेळणार" हे उत्तर चालत नाही. यादी झाली की निम्मा निर्णय आपोआप होतो.

यादीत मारिओ, झेल्डा किंवा पोकेमॉन असतील तर चर्चा तिथेच संपली. हे गेम निन्टेन्डोच्याच कन्सोलवर निघतात, तेव्हा स्विच किंवा स्विच २ घ्यायचा. स्विच २ जून २०२५ मध्ये आला आणि जुन्या स्विचचे बहुतेक गेम त्यावर चालतात. त्यामुळे यादी लहान असेल आणि हात आखडता असेल, तर जुना स्विच घेऊन सुरुवात करण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त स्विच लाइट टीव्हीला जोडता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

यादी पीसी गेमची असेल, त्यातही स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर) आधीच विकत घेतलेले गेम असतील, तर स्टीम डेक आणि त्याच्या पंगतीतले आरओजी अ‍ॅलाय, लीजन गो वगैरे (हे बहुतेक विंडोजवाले) बघायचे. इथे नवख्यांची सगळ्यात जास्त गफलत होते. स्टीम डेकवर विंडोज नसतं. त्यावर स्टीमओएस असतं, जे लिनक्सवर बांधलेलं आहे. विंडोजसाठी बनलेले गेम प्रोटॉन नावाच्या थरामार्फत चालतात, आणि बहुतेक वेळा इतके व्यवस्थित चालतात की मध्ये काही आहे हे कळतही नाही. अडतं ते ऑनलाइन स्पर्धेच्या गेमपाशी. त्यांच्यातली फसवेगिरी पकडणारी यंत्रणा लिनक्सला दारातच अडवते. फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट स्टीमओएसवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा, २०२४ मध्ये त्यानेही दार लावून घेतलं. यातला एखादा गेम यादीत वरच्या क्रमांकावर असेल तर विंडोजवाला हँडहेल्ड घ्या आणि त्याचे त्रास सोसा. ते त्रास पुढे सांगते.

प्रत्येक गेमच्या स्टीमवरच्या पानावर डेकसाठीचा शेरा असतो: तपासून पास, थोडी खटपट करून खेळता येईल, चालत नाही, किंवा अजून तपासलाच नाही. यादीतल्या पाचही गेमचा शेरा खरेदीच्या आधी बघून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. "तपासून पास" म्हणजे सेकंदाला साठ फ्रेमने, म्हणजे साठ चित्रांनी, पळेल असा अर्थ मात्र काढू नका. गेम सुरळीत चालतो, बटणं बरोबर दिसतात, अक्षरं वाचता येतात, एवढीच ती हमी.

घरी प्लेस्टेशन ५ असेल तर प्लेस्टेशन पोर्टल समोर येतो. आठ इंची स्क्रीन छान, पकड तर या सगळ्यांत उत्तम. पण त्याच्या आत गेम चालत नाही. गेम घरातल्या कन्सोलवर किंवा कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि चित्र वाय-फायवरून येतं. वाय-फाय गेलं की पोर्टल म्हणजे नुसतं सुबक झाकण. टीव्ही दुसऱ्यांच्या ताब्यात असतो म्हणून हँडहेल्ड हवा असेल, तर ही खरेदी शहाणपणाची. प्रवासासाठी हवा असेल तर नाद सोडा.

जुने गेमच खेळायचे असतील तर वेगळंच दालन उघडतं. अ‍ॅनबर्निक, मियू, रेट्रॉइड यांची छोटी मशीन खिशात मावतात आणि एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, त्यांचे गेम चालवतात. एम्युलेटर हा प्रोग्राम वेगळा आणि गेमची फाइल वेगळी. विकत न घेतलेल्या गेमची फाइल उतरवणं म्हणजे चोरीचा माल, मग तो गेम कितीही जुना असो. अशा मशीनबरोबर हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड फुकट आलं तर हरखून जाऊ नका. ती कार्डं बहुधा हलक्या प्रतीची असतात आणि सेव्हसकट बसतात. चांगलं कार्ड पहिल्याच दिवशी घाला.

या दालनातला माझा लाडका म्हणजे अ‍ॅनालॉग पॉकेट. तो एम्युलेटर वापरत नाही, एफपीजीए नावाच्या चिपवर जुन्या कन्सोलचं सर्किटच उभं करतो आणि गेम ज्यात असतो ते मूळ कार्ट्रिज घेतो. त्याची स्क्रीन १६०० बाय १४४० आहे. गेम बॉयच्या बरोबर दहापट उभी आणि दहापट आडवी. म्हणजे जुन्या एका ठिपक्याच्या जागी शंभर नवे ठिपके. त्यामुळे त्या जुन्या पडद्यावरची ठिपक्यांमधली बारीक जाळीसुद्धा हुबेहूब दाखवता येते. गरज कुणालाच नाही, पण बघितल्यावर हात सुटत नाही.

आणखी एक स्वस्त वाट: खिशात फोन आहेच. त्याला दोन्ही बाजूंनी बसणारा कंट्रोलर लावून पंधरा दिवस खेळून बघा. तो ड्रॉवरमध्ये पडून राहिला तर हँडहेल्डही तिथेच जाणार.

पायरी २: कधी आणि किती वेळ खेळणार ते खरं खरं सांगा

हातात धरून खेळण्याचा वेळ म्हणजे फटीतला वेळ. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला, गाडीची वाट बघतानाचा, झोपायच्या आधीचा. वीस मिनिटांतली चार मिनिटं मशीन सुरू होण्यात गेली तर खेळायचं राहूनच जातं. म्हणून मी झोप आणि जाग यांना इतकं वर ठेवते.

स्विचवर बटण दाबलं की गेम आहे तिथे गोठतो, परत दाबलं की दोन-तीन सेकंदांत तिथूनच पुढे. हवेत उडी घेतलेला मारिओ दुसऱ्या दिवशी हवेतच सापडतो. स्टीम डेकवरही हे जवळपास तितकंच भरवशाचं आहे, आणि तोही पीसी गेमच्या बाबतीत, ज्यांच्या निर्मात्यांनी असं मध्येच गोठवण्याचा विचारही केलेला नसतो. डेकची खरी करामत मला चिपपेक्षा यात दिसते.

विंडोजवाल्या हँडहेल्डचं दुखणं नेमकं इथे. विंडोज माऊस आणि कीबोर्डसाठी घडलेलं आहे. झोपवलेलं मशीन बॅगेत आपोआप जागं होतं, पंखा फिरू लागतो, आणि बाहेर काढावं तर गरम मशीन आणि रिकामी बॅटरी. परत जागं केल्यावर गेम बंद पडलेला असू शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या आरओजी एक्सबॉक्स अ‍ॅलायवर डेस्कटॉप बाजूला ठेवून थेट गेमच्या पडद्यावर उघडणारी सोय दिली आहे, म्हणजे दुखणं त्यांनाही कळलेलं आहे. तरी विंडोजवर सेव्ह करूनच झोपवायची सवय लावा. लीजन गो एस तर आता स्टीमओएससह मिळतो. ऑनलाइन स्पर्धेचे गेम नको असतील तर मी डोळे झाकून तोच पर्याय निवडेन.

ऑनलाइन गेमला मात्र कुठलंच मशीन झोपवू शकत नाही. सामना चालू असताना बटण दाबलं की संपर्क तुटला.

पायरी ३: ताकद वॉटमध्ये मोजा

आता तुमच्या आवडत्या विषयाकडे. हँडहेल्डची ताकद शेवटी एका प्रश्नावर येते: बॅटरी दर तासाला किती देऊ शकते आणि पंखा किती उष्णता बाहेर टाकू शकतो?

पहिल्या स्टीम डेकची बॅटरी ४० वॉट-तासांची. चिप ४ ते १५ वॉटच्या दरम्यान चालते. जड गेमला चिप १५ वॉट खाते, वर स्क्रीन, रॅम, वाय-फाय, पंखा मिळून सगळं मशीन २० वॉटच्या पुढे जातं. ४० भागिले २०, म्हणजे दोन तास, तेही नव्या बॅटरीवर. नंतरच्या ओएलईडी डेकला (ज्याच्या स्क्रीनचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) ५० वॉट-तास मिळाले आणि त्याची स्क्रीन नि चिप दोन्ही कमी खातात, म्हणून फरक जाणवतो. आरओजी अ‍ॅलाय एक्सने बॅटरी थेट ८० वॉट-तासांवर नेली, पहिल्या अ‍ॅलायच्या दुप्पट. माझ्या मते चिप बदलण्यापेक्षा तीच खरी सुधारणा होती.

कंपन्या बॅटरीचा आकडा दोन टोकांचा देतात. डेक ओएलईडीला ३ ते १२ तास, स्विच २ ला २ ते साडेसहा तास. खालचं टोक खरं धरून चाला. वरचं टोक साध्यासुध्या गेमला, उजेड कमी करून मिळतं.

स्क्रीनचे पिक्सेल वाढले की हे गणित आणखी बिघडतं. डेकची स्क्रीन १२८० बाय ८००, म्हणजे दहा लाखांहून किंचित जास्त पिक्सेल. पहिल्या लीजन गोची २५६० बाय १६००, बरोबर चौपट. ती भरायला चौपट काम, आणि चौपट ताकदीची चिप कुठल्याच हँडहेल्डमध्ये नाही. मग लोक काय करतात? सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन खाली आणतात. सात-आठ इंचांवर ८०० ओळी डोळ्याला पुरतात. मोठा आकडा बघून भाळू नका. ताकद कमी पडते तेव्हा लहान चित्र हुशारीने मोठं करण्याची तंत्रंही आहेत, एएमडीचं एफएसआर आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस. स्विच २ मध्ये एनव्हिडियाची चिप असल्याने गेम बनवणाऱ्यांना डीएलएसएस वापरता येतं, त्यामुळे त्याची ताकद नुसत्या आकड्यांवरून जोखू नका.

साठ फ्रेमचा हट्टही सोडा. तीस फ्रेमला प्रत्येक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, साठला १६.७. चाळीस फ्रेमला २५. म्हणजे आकड्याने चाळीस हा तिसाच्या जवळ दिसत असला तरी वेळेच्या हिशोबाने तो तीस आणि साठच्या बरोबर मध्यावर आहे. दहाच फ्रेम वाढवून निम्मा फायदा पदरात पडतो, आणि बॅटरी साठइतकी जळत नाही. अट एकच: स्क्रीनला चाळीसशी जुळवून घेता आलं पाहिजे. ६० हर्ट्‌झला बांधलेल्या स्क्रीनवर चाळीस फ्रेम अडखळतात. डेकची स्क्रीन स्वतःच ४० हर्ट्‌झवर आणता येते, ओएलईडी डेकची ८० वर. ज्या स्क्रीनला व्हीआरआर नावाची सोय आहे ती गेमच्या गतीमागून जाते. जड गेम आधी चाळीसवर लावून बघा, आवडला नाही तर साठ कुठे पळून जात नाही.

पायरी ४: हातात धरा, निदान वजनाचा अंदाज घ्या

स्विच लाइट २७५ ग्रॅम. जॉय-कॉनसह (बाजूला लागणाऱ्या कंट्रोलरसह) ओएलईडी स्विच ४२० च्या आसपास. स्विच २ ५३० च्या थोडा वर. डेक ओएलईडी ६४०. पहिला लीजन गो कंट्रोलरसह साडेआठशे. जवळपास दुकान किंवा मित्राचं मशीन नसेल तर तेवढ्याच वजनाचं जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी समोर धरून पंधरा मिनिटं बसा. पलंगावर पडून तोंडावर धरून खेळायची सवय असेल तर तसंच धरा. मनगट काय म्हणतं ते ऐका. एक मात्र खरं की वजन हा पूर्ण न्याय नाही. डेक जड असूनही हातात नीट बसतो, कारण मागे बोटांना धरायला उंचवटे आहेत. हलका पण सपाट स्विच मोठ्या हातांना लवकर टोचतो.

स्टिकबद्दल एक माहिती असू द्या. बऱ्याच मशीनच्या स्टिकमध्ये आत पट्टीवर घासणारा संपर्क असतो. झिजला की हात न लावता पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागतं. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. हॉल सेन्सर असलेल्या स्टिकमध्ये काम चुंबकावर चालतं, घासायला काही नसतं. लीजन गोमध्ये ते आहेत. डेक आणि स्विच २ मध्ये नाहीत, पण डेकचे सुटे भाग अधिकृतपणे विकत मिळतात आणि स्टिक बदलणं स्क्रूड्रायव्हरची सवय असलेल्याला जमतं.

ओएलईडी की एलसीडी? परवडत असेल तर ओएलईडी. काळा रंग खरोखर काळा दिसतो, बस. रोज तासन्‌तास एकच गेम खेळणार असाल आणि कोपऱ्यातला नकाशा कधी हलतच नसेल, तर उजेड थोडा कमी ठेवा म्हणजे त्याचा ठसा उमटण्याची भीती कमी होते.

पायरी ५: कार्ड, डाउनलोड आणि मालकीचा प्रश्न

स्विच २ ला साधं मायक्रोएसडी कार्ड गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेसच लागतं. जुन्या स्विचचं कार्ड काढून यात घालू म्हणाल तर फार तर त्यावरचे फोटो उतरवता येतील. इतर मशीनला साधं चांगल्या कंपनीचं कार्ड पुरतं. फसवी कार्डं सगळीकडे फिरत असतात, वर आकडा मोठा आणि आत जागा लहान. नवीन कार्ड आधी पीसीला लावून पूर्ण भरून तपासा.

डिजिटल गेम सोयीचा आहे, पण तो किती दिवस तुमचा? निन्टेन्डोने आपल्या जुन्या हँडहेल्डचं, ३डीएसचं, ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये नवीन खरेदीसाठी बंद केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळही थांबवला. हे कधीतरी सगळ्याच बंद दालनांचं होणार. कार्ट्रिज पुन्हा विकता येतं, उसनं देता येतं. मात्र स्विच २ चे काही गेम गेम-की कार्डवर येतात: डबीत कार्ड असतं, पण त्यात गेम नसतो, गेम उतरवूनच घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. दोन्हीकडचे तोटे एकाच डबीत. खोक्यावर तशी सूचना छापलेली असते, घेण्याआधी वाचा.

स्टीमवर एक मोठी सोय आहे. खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. हँडहेल्डसाठी हे सोनं आहे. जड गेम घ्या, तासभर चालवून बघा, पंखा किंचाळला तर परत करा.

पुढचं मॉडेल येईल म्हणून थांबायचं का? येणार तर आहेच. त्याने तुमच्या यादीतला एखादा अडलेला गेम चालणार असेल तर थांबा, नाहीतर आत्ता घ्या.

पायरी ६: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी अपडेट उतरवून घ्या, खेळायचं नंतर. बहुतेक वेळ चार्जरला लावूनच खेळणार असाल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग शोधा, अनेक मशीनमध्ये आता ती असते. खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. घरात मुलं असतील तर पालकांचं नियंत्रण आणि खरेदीला पिन, दोन्ही तिथल्या तिथे.

मग कसून तपासा, कारण परत करायची मुदत थोडी असते. सेटिंगमध्ये स्टिक तपासायचा पडदा उघडून दोन्ही स्टिक हळू गोल फिरवा आणि सोडा. ठिपका मध्यावर येऊन थांबला पाहिजे. पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून मेलेला पिक्सेल शोधा. अंधारात एलसीडीच्या कडांतून उजेड गळतो का बघा, थोडा गळणं सर्रास असतं. चार्जरची पिन दोन-तीनदा लावून काढून बघा, सैल वाटते का. वापरलेलं मशीन घेत असाल तर हेच सगळं विकणाऱ्याच्या समोर करा, आणि आधीच्या मालकाचं खातं काढून मशीन मूळ स्थितीत आणलंय याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटची परीक्षा रात्रीची. गेम चालू ठेवून मशीन झोपवा आणि बॅटरीची टक्केवारी लिहून ठेवा. सकाळी उघडा. थोडी उतरलेली असेल आणि गेम तिथूनच चालू झाला तर ठीक. निम्मी उतरली असेल तर आधी अपडेट तपासा, मग मागे काय डाउनलोड होत होतं ते बघा, आणि दुसऱ्या रात्रीही तेच झालं तर बिल नि खोकं घेऊन परत द्यायला जा. तोवर खोकं टाकू नका.